शुक्रवारचा हात

ता. २ डिसेंबर १८६४, शुक्रवार

नांदगाव पेठेत आज पाच दारं तोंडावर लागली. सहावं उघडं होतं, पण घरात कोणीच नव्हतं!

मी वेशीत शिरलो की पोरं 'देवीवाला आला' म्हणत पुढे पळतात आणि बाया लेकरं उचलून मागच्या दारानं कपाशीच्या पऱ्हाटीत शिरतात. छातीइतकी पऱ्हाटी, त्यात कोणाला शोधणार? माझ्या हातात देवी टोचायचं बोटभर नस्तर. त्यांना वाटतं, मी लेकरांचं रक्त काढून मुंबईला धाडतो. मुंबईला सध्या कापूस सोडून कशाचीही गरज नाही, हे यांना कोण सांगणार.

शेवटी दोनच लेकरांना देवी काढल्या. एक माणिकबाईचा नातू, दुसरी सहदेव कुणब्याची मुलगी. बडनेऱ्याचं जे लेकरू बरोबर आणलं होतं, ज्याच्या दंडावरची लस घेतली, ते रडून रडून झोपलं. त्याच्या आईला कबूल केलेली ज्वारी दिली आणि गाडीत बसवलं.

दोनच हात. पुढच्या शुक्रवारी त्यांच्यावरचे फोड भरतील. त्यातलं स्वच्छ पाणी नस्तराच्या टोकावर घ्यायचं आणि पुढच्या लेकरांच्या दंडावर उतरवायचं. शुक्रवारचं काम शनिवारवर गेलं की पाणी गढूळ होतं आणि मग लागत नाही. आमच्या डॉक्टरसाहेबांनी काचेत सुकवूनही पाहिलं, दोनदा वाया गेलं. ही लस जिवंत दंडावरच जगते. दसऱ्यापासून मी ती या हातावरून त्या हातावर अशी जपत आणली आहे. जिल्ह्यात आता दुसरीकडे कुठे शिल्लक नाही. जेवताना मध्येच हे आठवतं आणि घास अडतो.

ता. ३, शनिवार

पाय सुजलेत. सरकार तट्टू देत नाही. मागितलं तर साहेब हसतात.

ता. ४, रविवार

विचित्र दिवस. इथे अमरावतीत कापसाच्या बाजारात खुशालरावांनी हाक मारून बसवून घेतलं. हे अकोल्याचे. चार वर्षांमागे साधे पाटील होते. तिकडे विलायतेपलीकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे कापूस पेटला, आणि आता त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आहेत. मुंबईच्या एका पेढीसाठी उभं पीक विकत घेतात.

मला म्हणाले, माझ्याकडे ये. गावोगाव फिर, पऱ्हाटी पाहा, भाव ठरव, विसार देऊन माल बांधून टाक. पगार चौपट. वर तट्टू. वर वर्षाला दोन अंगरखे.

मी म्हटलं, मी माळ्याचा मुलगा, मला कापसातलं काय कळतं? त्यावर जे बोलले ते डोक्यातून जात नाही.

"कापूस पाह्यनारे मले ढीग भेटतात. तुले कोन्या घरात कोन कोनाचं आयकते ते ठावं हाय. मले तो मानूस पायजे."

मला हसू आलं. घरी येताना मात्र आलं नाही.

ता. ५, सोमवार

माय म्हणते, आजच निघ. तिचं बरोबर आहे. आमच्या मळ्यातली वांगी, झेंडू ती डोक्यावर नेऊन विकते, आणि मी टोचलेल्या एखाद्या लेकराला ताप भरला की त्या गल्लीतल्या बाया तिच्याकडून काही घेत नाहीत. "तुह्या टोचन्यापायी माह्या वांग्याले कीड," असं म्हणाली. नंतर स्वतःच हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

बायकोला, कौशल्येला, विचारलं. ती नस्तर दगडावर घासत होती, ते काम तिचंच असतं. म्हणाली, तुमाले कसं वाटते? अरे, मला कसं वाटतं हेच तर कळत नाही!

मागच्या साली पूर्णेकाठच्या एका गावात देवीची साथ आली. निम्म्या घरांना कडुनिंब बांधलेला, कुठे फोडणीचा वास नाही. मी घाबरत घाबरत गेलो. ज्या लेकरांना मी टोचलं होतं ती सगळी देवळापुढे धुळीत खेळत होती. एक बाई कडेवरच्या मुलाचा दंड शेजारणीला दाखवत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी गावाबाहेर बांधावर बसलो आणि पोट भरून रडलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

तो आनंद एका दिवसाचा. लागलेली दारं मात्र रोजची.

ता. ७, बुधवार

कापसाच्या गाड्यांच्या तळावर देवी आली. कुठल्या तरी लांबच्या गाडीवानाची दोन लेकरं तापानं फणफणली आहेत, अंगावर उठलं आहे. सकाळी पाहून आलो. चारी दिशांच्या गाड्या तिथे सुटतात आणि चारी दिशांना जातात. तिथून ही गावात यायला किती वेळ लागणार?

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मग टोच! जणू मी टोचायला तयार नाही आणि लोक रांगा लावून उभे आहेत.

ता. ९, शुक्रवार

काय दिवस गेला. 

नांदगावात सकाळीच पोचलो. माणिकबाईच्या घरी गेलो तर दाराला तोरण, अंगणात सडा, आणि नातू नवीन कुंचडं घालून बसलेला. म्हातारी हसून सामोरी आली. पोराचा दंड उघडला. हळदीनं पिवळा, फोड चोळून सपाट. तिनं काल त्याला कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, दह्याभाताचा नैवेद्य दाखवला आणि देवीला वाटेला लावलं. मी म्हटलं, आजी, मी येईपर्यंत हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?

"सरकारनं धाडली तरी माय ते माय हाय, बापा. पाहुनी आली, ओटी भरून बोळवली. उपाशी कशी ठेवाव?"

रागावणार कशावर? तिनं सरकारच्या देवीचा मान राखला. माझ्या पुढ्यातही दहीभात ठेवला. तो खाताना मला ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

राहिली सहदेवची मुलगी. तीन ओरखड्यांपैकी एकच फोड आलेला, पण छान भरलेला, मोत्यासारखा. आता तो उतरवायला लेकरू पाहिजे! दुपारपर्यंत दारोदार फिरलो. कोणी देईना. तळावर देवी आल्याची बातमी तिथपर्यंत पोचलीच होती आणि लोकांनी ती माझ्याच नावावर मांडली होती. मीच आणली म्हणे.

सहदेवची कापसाची गाडी अमरावतीला निघाली होती. मी त्याचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. त्यानं बायकोला आणि मुलीला कापसावर बसवलं आणि माझ्या दारात आणून उतरवलं. आमच्या गल्लीत विचारलं. लीलाबाई शेजारीण, तिचं लेकरू वर्षाचं. तिनंही मान हलवली.

मग घरात एकच लेकरू उरलं. आमची गंगू. सात महिन्यांची.

माय दारात आडवी उभी राहिली. एवढे दिवस मी तिचं ऐकत आलो होतो, आज ऐकलं नाही. कौशल्येनं गंगूला मांडीवर घेतलं, तिचा दंड दोन बोटांत धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, करा. ओरखडा असा हवा की कातडीला नुसती ओल यावी, रक्त येऊ नये. रक्त आलं की लस वाहून जाते. शेकडो लेकरांना केलं असेल, पण आज मला दंडच दिसेना. कसंबसं दोन्ही हातांवर केलं. गंगू रडली नाही. मीच रडलो.

म्हणजे जिल्ह्याची सगळी लस आता माझ्या मुलीच्या दंडावर आहे. पुढचा शुक्रवार चुकला तर संपलं. नवी लस मुंबईहून पुढच्या थंडीत आली तर येणार.

ता. १०, शनिवार

खुशालरावांचा निरोप. उद्या पहाटे त्यांची बैलांची दमणी अकोल्याला जाते आहे, तीत बसून ये. या आठवड्यात आला नाहीस तर दुसरा माणूस ठरला आहे.

साहेबांना खरं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, पैसा वाईट नसतो, तू गेलास तर एलिचपूरकडचा टोचणारा महादेवराव पुढच्या महिन्यात तुझी गावं घेईल, पण तोवर लस हातात राहिली पाहिजे.

हिशेब केला. उद्या निघून परवा संध्याकाळी अकोला. मंगळवारी बोलणं. बुधवारी पहाटे निघायचं, गुरुवारी संध्याकाळी घरी. शुक्रवारी गंगूचा हात. जमतं.

कौशल्या म्हणाली, नाई जमलं त? मी म्हटलं, जमेल. तिनं पुन्हा विचारलं नाही.

ता. १२, सोमवार. अकोला

पोचलो. अंग खिळखिळं झालं. अख्खा रस्ता कापसाच्या गाड्याच गाड्या, आमची एक दमणी तेवढी कापसाविना. रस्त्याकडेला आगगाडीसाठी मातीचा भराव घालताहेत, हजार माणूस खपतंय. मोर्णा नदीच्या काठी कापसाचे डोंगर, वर ताडपत्री, खाली राखणदार. हवेत तंतू उडतात, नाकात जातात. सगळं गाव शिंकतंय आणि हसतंय.

खुशालराव गावाला गेलेत, उद्या येतील.

ता. १३, मंगळवार

आले नाहीत. ओसरीवर बसून होतो. मुनीम म्हणाला, उद्या सकाळी नक्की. मी म्हटलं, मला उद्या पहाटे निघायचं आहे. तो म्हणाला, निघा की. धरलंय कोणी?

गंगूच्या दंडावर आता बारीक पुळी दिसत असेल. पाचवा दिवस. ताप आला असेल का?

निघावं. पण रिकाम्या हातानं निघालो तर आलोच कशाला? उद्या दुपारपर्यंत थांबतो. दुपारी निघालो तरी शुक्रवारी सकाळी घर गाठता येईल, बैल पळवले तर.

ता. १४, बुधवार

खुशालराव सकाळी आले आणि मला थेट घोड्यामागे तट्टूवर बसवून दोन गावं फिरवून आणलं. बोलणं वाटेतच होईल म्हणाले.

काय सांगू! आम्ही दिसल्याबरोबर दारं उघडत होती. खाट पडत होती, वर घोंगडी, पुढे ताक. बाया पदर सावरून दारात उभ्या, कडेवर लेकरं, एकही पळाली नाही. एक म्हातारा मला म्हणाला, बसा बापू, असे उभे काहून? मला बापू! मी त्याच्या नातवाच्या दंडाकडे पाहिलं, सवयीनं. टोचलेला नव्हता. पण मी बोललो नाही. आज मी कापसाचा माणूस होतो.

भाव ठरवताना खुशालराव शेतकऱ्याचा हात उपरण्याखाली धरतात आणि बोटं दाबून बोलतात, बाहेर कोणाला कळत नाही. मलाही एकदा धरायला लावला. मला जमलं. त्या माणसाचा हात घट्ट होता, मग सैल पडला, आणि मला कळलं की तो कबूल झाला. लेकरांचे दंड धरून धरून आला असेल, पण हा गुण आहे खरा.

मला फार बरं वाटलं. हे लिहून ठेवतो. नुसता पगार नव्हे. लोकांना मी हवा होतो.

दुपार कधी टळली, लक्षात आलं नाही. लक्षात आलं असं म्हणूया, आणि मी उठलो नाही. संध्याकाळी चार लोकांदेखत त्यांनी मला पागोटं बांधलं, हातात नारळ दिला. मी घेतला. बोलणं झालं. नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांची गाडी येईल आणि आमचं बिऱ्हाड अकोल्याला नेईल.

उद्या पहाटे निघतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचलोच पाहिजे. संध्याकाळ चालते. सकाळच हवी असं नाही.

ता. १५, गुरुवार. मूर्तिजापुराअलीकडे

रस्ता बंद आहे. पुलाच्या कामाशी तीन गाड्यांचे आख मोडले, मागे गाड्या तुंबल्या, त्यांच्या मागे आणखी. पुढचं टोक दिसत नाही, मागचं दिसत नाही. बैल सोडून लोक भाकरी थापायला बसलेत. कोणाला घाई नाही, भाव रोज चढतोच आहे, एक दिवस उशीर म्हणजे दोन पैसे जास्तच! मीच एकटा उभा आहे.

गाडीवान सूर्यभान म्हणतो, पानी पेऊन घ्या, बापू. हा बापू शब्द आज टोचतो.

ता. १६, शुक्रवार

आज.

सकाळी रस्ता थोडा सुटला, पुन्हा बसला. दमणी सोडली आणि चालत निघालो. हे एका झाडाखाली बसून शिसपेनीनं लिहितोय, कारण पाय पुढे टाकवत नाही. ऊन उतरलं आहे. बडनेरा अजून दिसत नाही. फोड आत्ता या घडीला भरलेला असेल, स्वच्छ, आणि त्याच्याकडे बघायला कोणी नाही. उद्या तो गढूळ होईल. दसऱ्यापासूनचे सगळे हात, बडनेऱ्याचं ते लेकरू, सहदेवची मुलगी, सगळं फुकट. तळावरची देवी एव्हाना गावात शिरली असेल. तिला आता कोण अडवणार?

मी ताक पीत बसलो होतो. पागोटं बांधून घेत होतो.

ते पागोटं डोक्यावरच आहे. उन्हाला बरं पडतं म्हणून काढत नाही. शरमही वाटत नाही मला!

ता. १७, शनिवार

घरी पोचलो. पहिली नजर दारावर गेली – कडुनिंबाचा डहाळा.  गंगूला देवी आली असं वाटलं. आत धावलो. गंगू पाळण्यात हात नाचवत होती. अंग थंड. दंड उघडला. फोड रिकामे, बसलेले, वर खपली धरू लागलेली.

मी मायवर ओरडलो. नको ते बोललो. नांदगावची म्हातारी अडाणी म्हणून सोडून दिली, तू माझ्या घरात राहून तेच केलंस, बोळवून टाकलीस ना, आता जिल्हाभर लेकरं मरतील ती मोज.  मायनं नुसतं चुलीकडे पाहिलं.

चुलीपाशी कौशल्या बसली होती. म्हणाली, "मायनं नाई. म्या केलं."

मला वाटलं, न्हाऊ घातलं. तिनं नस्तर पुढे केलं. पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळलेलं.

मग हळूहळू कळलं. काल दुपारपर्यंत तिनं वाट पाहिली. मागच्या आळीत देवी आली आहे. दाराचा डहाळा मायनं बांधलाय, येणाऱ्या देवीनं हे घर ओलांडून जावं म्हणून. बाया घाबरलेल्या. लीलाबाई आपणहून आली, लेकराला पदराखाली घेऊन. तिनं विचारलं, कोनाच्या हाताचं हाय? कौशल्येनं गंगूला दाखवलं. लीलाबाई बसली. तिचं पाहून आणखी तिघी आल्या. चूल बाजूला, दार लोटलेलं, पुरुष माणूस नाही. चार लेकरांचे आठ दंड!

मी विचारलं, तुला कुठून येतं हे? गेली दोन वर्षं मी घरी लेकरं टोचतो तेव्हा तीच धरून बसते, इतकं मला माहीत होतं. ती म्हणाली, वांग्यावर हात बसवला. पातळ सालीवर ओरखडा काढायचा, आतला गर दिसला की चुकलं. मळ्यात बसून करत होती म्हणे. मायला माहीत होतं. मला नव्हतं.

 मायच्या पाया पडलो. तिनं पाय मागे घेतले.

ता. १८, रविवार

लागल्या नसतील. पहिल्या खेपेला कोणाला लागतात? मी शिकलो तेव्हा माझी पहिली अकरा लेकरं कोरी गेली होती.

ता. २०, मंगळवार

लागल्या. चारही लेकरांना. आठही दंडांवर पुळ्या आहेत. लीलाबाईच्या मुलाचा दंड उजेडात धरून पाहिला. ओरखडे केसासारखे बारीक, एका अंतरावर. माझे असे येत नाहीत. मला आनंद झाला, आणि त्याबरोबर मी जळलोही. दोन्ही लिहून ठेवतो. बायकोचा मत्सर करणारा मी पहिलाच माळी नसेन.

पण एक झालं, डोक्यावरचं ओझं उतरलं. शुक्रवारी आठही हात तयार होतील, त्यावरून भरपूर लेकरं होतील, साहेब महादेवरावाला बोलावून घेतील, लस त्याच्या हाती जाईल. आता मी मोकळ्या मनानं अकोल्याला जाऊ शकतो. कोणाचं काही बुडवून जात नाही. खुशालराव मोर्णेपलीकडे दोन खोल्या देणार आहेत. माय म्हणते, तिथे अंगण आहे का बघ. मी म्हटलं, आहे. मायला इतकं हसताना फार दिवसांनी पाहिलं. आज मीही भाकरी पोटभर खाल्ली.

ता. २३, शुक्रवार

सामानाची बांधाबांध झाली. फक्त चूल राहिली. उद्या सकाळी सूर्यभान गाडी घेऊन येईल.

आज मात्र आमच्या दारात रांग होती. खरोखर रांग! आमची आळी, मागची आळी, बाजारातल्या दोन कोष्टिणी, एक तेलीण. मी नस्तर घेऊन पुढे झालो तर लीलाबाईनं सरळ सांगितलं, तुमी बाहीर बसा भाऊ, वहिनीले करू द्या. बाकीच्या हसल्या. मी ओट्यावर जाऊन बसलो. आत लेकरू टोचून झालं की आई ते माझ्या मांडीवर आणून टाकायची आणि मोठं लेकरू शोधायला जायची. दुपारी माझ्या मांडीवर तीन होती, एकानं धोतर ओलं केलं.

दाराच्या फटीतून तिला पाहत होतो. दंड दोन बोटांत धरायची, फुंकर घालायची, आईशी काहीतरी बोलायची, आणि बोलता बोलता हात फिरलेला असायचा. लेकराला कळायच्या आत. लग्न होऊन सहा वर्षं झाली. तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मागे बांधावर बसून मी रडलो, तेव्हा माझा असाच असेल का? पाहायला तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळी ती नस्तर पुसत होती. बराच वेळ पुसत होती. मग मान वर न करता तिनं विचारलं,

"अकोल्याले गेलो म्हंजे हे साहेबाले वापस द्या लागन ना?"

मी म्हटलं, हो. सरकारी आहे. टोचणारा जातो तेव्हा जमा करतो.

बरं, म्हणाली. फडक्यात गुंडाळून माझ्या पेटीवर ठेवलं आणि गंगूला पाजायला बसली.

ता. २४, शनिवार

सूर्यभानच्या हाती पागोटं परत दिलं. माय आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली आहे. सूर्यभान म्हणाला, मालकाले काय सांगू? मी म्हटलं, सांग, नोकरी सोडवत नाही. कोणाला, ते त्यानं विचारलं नाही.